चौकटीत न बसणारा ळ

गेल्या दोन वर्षांत आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यात निवडणुकीच्या पत्रकांपेक्षाही जास्त पत्रके कुणाची लागली असतील तर ती ‘फुल स्टॅक’ शिकवणाऱ्या वर्गांची. आठ आठवडे, बारा आठवडे, नोकरीला मदत, आणि अगदी तळाशी बारीक टायपात : ‘बी.ए. चालेल.’ हे ‘चालेल’ मला खुपते. लग्नाच्या जाहिरातीत ‘बीजवर चालेल’ असे लिहितात तसे ते वाटते. आमच्या शाखेकडे बघण्याची साऱ्या जगाची नजर त्या एका क्रियापदात आली आहे.

माझे म्हणणे थोडे उलटे आहे. या कामात बी.ए. नुसते चालते असे नाही, त्याची गरज आहे. मात्र ज्या तऱ्हेने हा विषय सध्या शिकवला जातो, त्या तऱ्हेने तो शिकून ना बी.ए.चे भले होणार, ना बी.एस्सी.चे. दोन्ही गोष्टी नीट सांगायच्या तर आधी हा विषय काय आहे ते सांगितले पाहिजे. आपल्या अंकाचे निम्मे वाचक संगणकाचा लेख दिसला की पान उलटतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी कृपा करून दोन मिनिटे थांबावे.

वेबवर आपण परीक्षेचा फॉर्म भरतो, एस.टी.चे आरक्षण करतो. त्याची एक दर्शनी बाजू असते : रंग, बटणे, रकाने. आणि एक परसदार असते, ते आपल्याला दिसत नाही. भरलेला फॉर्म तिथे जातो, तपासला जातो, दप्तरात नोंदला जातो आणि उत्तर परत येते. या परसदाराला म्हणतात बॅकएन्ड. आपल्या कचेरीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. खिडकीपलीकडे एक कारकून बसला आहे. कामाला चोख आहे, रात्री-अपरात्रीही जागा सोडत नाही, पण त्याला एक व्याधी आहे. त्याला काहीच आठवत नाही. तुम्ही अर्ज दिलात, त्याने उत्तर दिले, की तुमची-त्याची ओळख संपली. पुढच्या क्षणी तुम्ही पुन्हा खिडकीशी उभे राहिलात तर तो विचारणार, आपण कोण?

ही अतिशयोक्ती नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली आणि पुढे तिच्यासाठी पत्रव्यवहाराचा जो करार केला, तो एचटीटीपी मुळातच असा विसरभोळा आहे. मग आपण एकदा लॉगिन केल्यावर पुढच्या पानावर तो आपल्याला ओळखतो कसा? १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी यावर तोडगा काढला. कारकुनाने तुमच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आणि तुम्ही पुढच्या प्रत्येक खेपेला ती दाखवायची. तीच ‘कुकी’. एवढे कळले की या विषयातले निम्मे गूढ उकलते, असे मला तरी वाटते.

आता वर्गांविषयी. मी शहरातल्या ज्या वर्गात जात होते त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण मैत्रिणींकडून ऐकले त्यावरून सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच आहे. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काही आज्ञा लिहिल्या. आम्ही त्या जशाच्या तशा उतरवल्या आणि पडद्यावर एक पान उगवले. आठव्या दिवशी चाळीस जणांची चाळीस किराणा दुकाने तयार होती, तीच तूरडाळ आणि तोच टोपलीचा बिल्ला. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारच्या मुलीने तोच प्रश्न विचारला होता, ‘सर, लॉगिन केल्यावर त्याला आपण लक्षात राहतो कसे?’ सर म्हणाले, ‘ते फ्रेमवर्क बघून घेते.’ ती मुलगी पुन्हा काही विचारायला उठली नाही. माझे सगळे भांडण या एका वाक्याशी आहे.

फ्रेमवर्क म्हणजे चौकट. खिडकीमागची हजार कामे प्रत्येकाने नव्याने करू नयेत म्हणून कुणीतरी आधीच घालून दिलेली घडी. पायथनमध्ये जँगो आणि फ्लास्क आहेत, रूबीत रेल्स, पीएचपीत लाराव्हेल, जावात स्प्रिंग. आणि गंमत अशी की या चौकटी कुणी प्रयोगशाळेत बसून शोधलेल्या नाहीत, त्या कामातून निघाल्या आहेत. जँगोचेच पाहा. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे वेबचे काम करत होते. संपादकांना सगळे आज दुपारपर्यंत हवे असायचे. त्या घाईतून त्यांनी स्वतःसाठी जी घडी बसवली, तीच २००५ च्या जुलैत जगाला मोफत खुली झाली. नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाल्यावर उरलेल्या बोटांनी वाजवण्याची नवी तऱ्हा बसवणारा हा कलावंत.

ही जन्मकथा नुसती गोष्ट म्हणून सांगत नाही. जँगोबरोबर मजकूर भरण्याची एक तयार खोली मिळते, तिला ‘ॲडमिन’ म्हणतात. ती आहे कारण वार्ताहरांना आज्ञावली येत नव्हती आणि बातमी तर भरायची होती. रेल्सही असेच २००४ साली डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी ‘बेसकँप’ या कामकाज सांभाळणाऱ्या साधनातून वेगळे काढले. प्रत्येक चौकटीला तिच्या माहेरचा वास असतो. ती कुणाच्या गरजेतून आली हे कळले की ती कुठे उपयोगी पडेल आणि कुठे अडेल याचा अंदाज येतो. हे वर्गात कुणी सांगत नाही. साहित्यकृतीमागचा काळ बघण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला मात्र हा प्रश्न आपोआप सुचतो.

मग शिकावे कसे? माझे मत असे की पहिला आठवडाभर चौकटीला हात लावू नये. पायथनसारख्या भाषेत, कसलीही चौकट न घेता, पाच-पंधरा ओळींत एक छोटा कारकून बसवता येतो. विनंती आली की तिच्यात काय लिहिले आहे ते नुसते पडद्यावर छापून पाहावे. चिठ्ठी आपल्या हाताने द्यावी, परत आलेली आपल्या डोळ्यांनी वाचावी. दुसऱ्या आठवड्यात तक्ते. आय.बी.एम.मधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका निबंधात सुचवले की सगळी माहिती ओळी आणि रकाने यांच्या तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांशी समान खुणेने जोडावेत. अर्धशतक उलटले तरी बहुतेक दप्तरे याच कल्पनेवर चालतात. त्यांना प्रश्न विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. ती चारदोन दिवस हाताने लिहून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

याचा उपयोग काय, असे विचाराल तर एकच उदाहरण देते. समजा, शंभर बोलीशब्दांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या गावचा हे लिहायचे आहे. शब्दांचा तक्ता वेगळा, गावांचा वेगळा. जँगोत हे तीन ओळींत होते आणि पान दिसतेही छान. पण आत काय घडते? एकदा शब्दांची यादी आणायला दप्तराकडे फेरी, आणि मग प्रत्येक शब्दाच्या गावासाठी एकेक, अशा एकशे एक फेऱ्या. सामानाची यादी खिशात असताना जिरे, मोहरी, हळद यांसाठी वेगवेगळे दुकानात जावे तसे. जँगोतच याला उपाय आहे. ‘सिलेक्ट रिलेटेड’ एवढे लिहिले की दोन्ही तक्ते जोडून एकाच फेरीत सगळे येते. पण हा उपाय त्यालाच सुचेल ज्याला फेऱ्या होत आहेत हे ठाऊक आहे.

याच्या उलट टोकाचे लोकही भेटतात. चौकटी म्हणजे पांगुळगाडा, खऱ्याने सगळे हातानेच लिहावे, असे ते म्हणतात. त्यांच्याशीही माझे जमत नाही. फॉर्मच्या रकान्यात नावाऐवजी दप्तराला दिलेला हुकूम लिहून सगळा तक्ता पळवायची किंवा पुसायची चोरी १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे आणि अजून थांबलेली नाही. लोकांचे पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवणारे महाभागही आहेत. जँगोसारखी चौकट नेहमीच्या वापरात हा हुकूम हुकूम म्हणून पोचूच देत नाही आणि पासवर्ड उलगडता येणार नाही असा कुटून ठेवते. दुसऱ्याच्या माहितीची राखण करायची असताना ‘मी हातानेच करणार’ हा हट्ट म्हणजे शौर्य नव्हे. पंधरा दिवस पायी चालावे, रस्ता ओळखीचा करून घ्यावा आणि मग खुशाल गाडीत बसावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळते. गाडीत बसले की पहिल्या वळणावरच लक्षात येते की रस्ता आपल्यासाठी बांधलेला नाही. जँगोत लेखाच्या शीर्षकावरून त्याचा वेबवरचा पत्ता तयार करून देणारे एक यंत्र आहे, ‘स्लगिफाय’. त्याला मराठी शीर्षक दिले तर तो काहीच देत नाही, कोरा कागद. इंग्रजीखेरीज इतर अक्षरेही घे, अशी मुभा २०१५ साली त्यात आली. ती मुभा दिल्यावर मी त्याला ‘मराठी’ हा शब्द दिला. उत्तर आले ‘मरठ’. ‘कविता’चे झाले ‘कवत’. ‘विद्यार्थी’ म्हणाल तर ‘वदयरथ’! कारण असे की या यंत्राच्या लेखी अक्षर म्हणजे सुटे, स्वतंत्र अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही त्याच्या हिशेबी अक्षरे नव्हेतच, म्हणून विरामचिन्हांबरोबर झाडून टाकायची. यात कुणाचा दुष्टावा नाही. ज्यांनी लिहिले त्यांच्या लिपीत काना नव्हता, इतकेच. पण एका लिपीत ‘अक्षर’ कशाला म्हणावे हा प्रश्न व्याकरणाचा आहे, आणि तो आमच्या दुसऱ्या वर्षाच्या भाषाविज्ञानाच्या पेपरात येतो.

क्रमाचेही तसेच. मावळ, मासा, माहेर, माळ हा आपल्या वर्णमालेचा क्रम, कारण शाळेत आपण ळ शिकतो तो ह नंतर. संगणकाला काहीही न सांगता हे शब्द लावायला दिले तर तो माळ आधी आणतो आणि मग मावळ, मासा, माहेर. युनिकोडच्या तक्त्यात ळ ला जागा मिळाली आहे ल च्या शेजारी. ‘ॲ’ बिचारा तर पार ह च्याही पलीकडे बसला आहे, त्यामुळे ‘ॲरण’सारखा उच्चार टिपून घेतलेला शब्द यादीच्या शेवटी सापडतो. क्ष हा क च्या पोटात जातो. पोस्टग्रेससारख्या दप्तराला भाषेप्रमाणे क्रम लाव असे सांगता येते, सोय आहे. पण सांगायचे कुणी? ज्याला चुकले आहे असे वाटेल त्याने. आणखी एक दुखणे ‘दुसऱ्या’ या शब्दाचे. यातला अर्धा र दोन-तीन निरनिराळ्या तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द. एकाने एका तऱ्हेने भरला आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधला, तर ‘असा शब्द नाही’ असे उत्तर येते. कोशात शब्द आहे आणि नाहीही!

बरे, हे झाले अक्षरांचे. माणसांचे काय? जँगोच्या वापरकर्त्याच्या तयार तक्त्यात नावासाठी दोन रकाने आहेत, पहिले नाव आणि शेवटचे नाव. आपल्याकडे मधले नाव असते, ते वडिलांचे किंवा नवऱ्याचे. माझ्या आजीची दोन नावे आहेत, माहेरचे आणि सासरचे, आणि दोन्ही खरी. बहीण लग्नानंतर नाव बदलणार नाही म्हणते. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांसाठी शासकीय कागदपत्रांवर बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि आडनाव असा क्रम ठरवला. या एका निर्णयाने किती तक्त्यांत एक रकाना वाढवावा लागेल याचा विचार करा. रकाना वाढवणे सोपे आहे, चौकट त्यासाठी ‘मायग्रेशन’ नावाची सोय देते. पण आईच्या नावाला जागा नव्हती हे आधी कुणाला तरी जाणवावे लागले.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर क्रमाक्रमाने येऊ लागल्या. आता असा संग्रह ठेवायला तुम्ही तक्ता आखायला बसा. एक बाई अनेक ओव्या गाते आणि एक ओवी अनेक बायका गातात. तेव्हा दोन तक्ते आणि त्यांना जोडणारा तिसरा. इथवर चौकट मदत करते. पण एका गावात ओवीत ‘बंधू’ आहे आणि शेजारच्या गावात तिथेच ‘दादा’ आहे, तर ती एक ओवी की दोन? कर्ता कोण? गाणारी, की तिची आई, की कुणीच नाही? गाणारीची जात लिहायची का? अभ्यासाला ती लागते, पण ती उद्या कुणालाही घरबसल्या दिसावी का? हे प्रश्न कुठल्याच चौकटीच्या पुस्तकात नाहीत. पाठभेद म्हणजे काय, लोकसाहित्याचा कर्ता कोण, यावर आमच्या विभागात बाई तासन्‌तास बोलतात आणि आम्ही परीक्षेपुरते टिपून घेतो. तीच टिपणे इथे तक्त्याचा आराखडा होतात.

‘आता हे सगळे यंत्रच लिहून देते, तू कशाला डोके शिणवतेस?’ असे माझा धाकटा भाऊ म्हणतो. खरे आहे. कृत्रिम बुद्धीची साधने एका वाक्यावर जँगोचा अख्खा सांगाडा उभा करतात, आणि बराचसा बरोबर असतो. मी एकदा ओव्यांच्या संग्रहासाठी तक्ता मागितला. झटकन आला. त्यात गाणारीचे पहिले नाव होते, शेवटचे नाव होते आणि प्रत्येक ओवीला एकच गायिका होती. आज्ञावलीत खोट काढायला जागा नव्हती. ओवी मात्र त्यात मावली नव्हती. लिहिण्याची मेहनत यंत्राने घेतली तर उरते ती नेमके काय हवे हे सांगण्याची आणि आलेले वाचून पारखण्याची. म्हणजे उरले ते आमच्याच शाखेचे काम, नाही का? फक्त पारखायला आतले कळायला हवे. म्हणून ते दोन आठवडे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांमधल्या भिंती काढायच्या असे म्हटले आहे. आपल्याकडे संगणक प्रयोगशाळेची पाटी मात्र अजून ‘फक्त विज्ञान शाखेसाठी’ अशीच आहे, आणि दुपारी तीननंतर तिला कुलूप असते. माझी प्राचार्यांना विनंती आहे की आठवड्यातले दोन दिवस ती आम्हाला उघडी मिळावी. वेगळे शिक्षक नकोत, नवी यंत्रे नकोत. विज्ञान शाखेच्या दोघातिघांनी आम्हाला तक्ते जोडायला शिकवावे, आम्ही त्यांना तक्त्यात काय घालायचे ते सांगू. त्यांनाही किराणा दुकानांचा कंटाळा आलाच असेल.

काम शोधायला लांब जायला नको. मराठी विभागाच्या कपाटात पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावाहून आणलेल्या बोलीशब्दांची कार्डे आहेत, बुटांच्या सहा खोक्यांत. शब्द, अर्थ, गाव, सांगणाऱ्याचे नाव, आणि काही कार्डांवर मागच्या बाजूला पेन्सिलीने एखादे वाक्य. सांगणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आता नाहीत. दोन खोक्यांना वाळवी लागली आहे. मी तिसऱ्या खोक्यापासून सुरुवात केली आहे. शब्दांचा तक्ता, गावांचा तक्ता आणि सांगणाऱ्यांचा तक्ता झाला आहे, नावाला चार रकाने ठेवले आहेत आणि ळ ह च्या मागे नेऊन बसवला आहे. पेन्सिलीची वाक्ये कुठे ठेवायची हे अजून ठरलेले नाही, त्यावर बाईंचे आणि माझे दुमत आहे. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते आणि गुरुवारी दोननंतर त्या विभागात असतात. अक्षर लावता येणारे कुणीही यावे, विज्ञान शाखाही चालेल.